निर्मनुष्य मुलखातील पूल आणि त्यांची राखण



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपली हयात सार्वजनिक बांधकामाच्या खात्यात वेचली. आणि नव्या पुलाच्या उद्घाटनसमारंभापेक्षा जुन्या पुलाच्या तपासणीचे नीरस काम त्यांना अधिक प्रिय होते, असे त्यांच्या सहकाऱ्यांकडून मी ऐकत आलो आहे. त्यांच्या स्मृतीस वाहावयाच्या व्याख्यानासाठी पुलांच्या राखणीचाच विषय घ्यावा, आणि त्यातही ही राखण जेथे सर्वांत दुष्कर, त्या अतिशीत व दुर्गम प्रदेशांतील पुलांचा घ्यावा, हे मला उचित वाटले. आपल्या उष्ण प्रांतात बसून हिमप्रदेशातील पुलांचा विचार कशाला करावयाचा, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत एखादे कर्तव्य पार पाडताना त्या कर्तव्याचे खरे स्वरूप जसे उघड होते, तसे सुखवस्तू परिस्थितीत ते होत नाही; म्हणून आज आपणांस उत्तर अमेरिकेच्या टोकापर्यंत नेऊन मग स्वदेशी परत आणण्याची परवानगी मी मागत आहे.

प्रथम एका रूढ समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. पुलाचे महत्त्व त्यावरून जाणाऱ्या वाहनांच्या गणतीने ठरवावयाचे, आणि ज्या पुलावरून दिवसाकाठी दहा-वीस गाड्या जातात त्याच्यावर निगराणीचा खर्च करणे म्हणजे द्रव्याचा अपव्यय होय, असे हिशेबी माणसे मानतात. वस्तुतः पुलाचे मोल, तो नाहीसा झाल्यास मागे कोणता मार्ग उरतो, यावरून ठरले पाहिजे. 7 फेब्रुवारी 2021 रोजी उत्तराखंडातील ऋषिगंगेच्या खोऱ्यात बर्फ व खडक यांचा प्रचंड कडा कोसळून जो लोंढा आला, त्याने रैणी गावाजवळचा पूल वाहून नेला, आणि नीती खोऱ्यातील 13 गावांचा उर्वरित देशाशी असलेला रस्त्याचा संबंध एका क्षणात तुटला. सीमा सडक संघटनेने अहोरात्र खपून 3 मार्च रोजी तेथे 200 फुटांचा बेली पूल खुला केला, ही गोष्ट अभिमानास्पदच आहे. परंतु मधल्या काळात त्या गावांतील रुग्णाला, गर्भिणीला आणि विद्यार्थ्याला त्या एका पुलाचे मोल जे कळले, ते वाहनगणतीच्या कोणत्याही तक्त्यात नमूद असणार नाही. महानगरातील पूल बंद पडला तर लोकांना वळसा पडतो. डोंगरी मुलखातील पूल पडला तर गावच्या गाव कैदेत पडते. माझ्या आजच्या प्रतिपादनाचा हा पाया आहे: ज्या पुलाला पर्याय नाही, त्याचा निगराणीवरील हक्क अव्वल होय.

आता अलास्कातील कॉपर नदीकडे वळू. मुलखाच्या आतल्या भागातील केनेकॉटच्या तांब्याच्या खाणींपासून कॉर्डोव्हा बंदरापर्यंत लोहमार्ग नेताना अभियंत्यांना ही नदी माइल्स आणि चाइल्ड्स या दोन हिमनद्यांच्या मधोमध ओलांडावी लागली. माइल्स हिमनदीपासून तुटलेले हिमखंड प्रवाहाबरोबर खांबांवर येऊन आदळणार, हे गृहीत धरून खांबांच्या वरच्या अंगाला काँक्रीटचे स्वतंत्र बर्फतोडे बांधण्यात आले. गाळे उभारण्यासाठी आधाराचा सांगाडा हवा, आणि तो सांगाडा हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरच रोवला गेला. म्हणजे ज्या शत्रूपासून पुलाचे रक्षण करावयाचे, त्याच्याच पाठीवर पूल बांधण्यास प्रारंभ झाला. 1910 च्या वसंतात पाणी चढू लागले, बर्फाचा थर वर उचलला जाऊन प्रवाहाबरोबर सरकू लागला आणि त्यात रुतलेला सांगाडाही त्याच्यासह सुमारे 15 इंच सरकला. कामगारांनी वाफेच्या साहाय्याने खुंटांभोवतीचा बर्फ वितळवून, तोडून, तो सांगाडा पुन्हा रेषेत आणला. मे महिन्यात गाळा आपल्या जागी बसला, आणि त्यानंतर थोड्याच अवधीत बर्फ फुटून सांगाडा नदीत नष्ट झाला. या पराक्रमाची कीर्ती पुष्कळ झाली आहे. मला मात्र त्यातील मोजमापाचे मोल अधिक वाटते. सांगाडा सरकला आहे हे कोणी तरी नित्य मोजीत होते, म्हणून तो वेळीच परत आणता आला. हिमप्रदेशातील पुलाचे निरीक्षण त्याच्या जन्मापूर्वीच सुरू होते, असे या उदाहरणावरून म्हणावयास हरकत नाही.

लोहमार्ग 1938 मध्ये बंद झाला आणि पुढे त्याच वाटेने सडक नेण्याचे काम चालू झाले. 27 मार्च 1964 च्या महाभूकंपात या पुलाचा उत्तरेकडील गाळा खांबावरून निसटला. त्याची पक्की दुरुस्ती होण्यास या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले. परंतु दैवाची गती अशी की, दुरुस्त झालेला पूल सुस्थितीत असताना त्याच सडकेवर, 36 व्या मैलाजवळ, 339 क्रमांकाचा एक अप्रसिद्ध पूल संकटात सापडला. हिमनदीपासून निघालेली नदी गाळाने इतकी भरलेली असते की तिचे पात्र एका जागी स्थिर राहत नाही. ती अनेक धारांत विभागते आणि आज एका धारेत असलेला मुख्य ओघ काही वर्षांनी दुसरीत शिरतो. तसा ओघ या पुलाखाली आला आणि खांबांच्या तळची माती खरवडून नेऊ लागला. अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते अलास्कातील निवडक पुलांच्या खांबांवर ध्वनिमापक बसवून नदीच्या तळाची खोली दूर अंतरावरून पाहत असते. ध्वनीची एक लहर तळाकडे जाते, परतून येते, आणि तिला लागलेल्या वेळावरून तळ किती खाली गेला हे कळते. या पुलाखालचा तळ धोकादायक खोलीपर्यंत गेल्याचे उघड झाल्यावर 2011 मध्ये तो वाहतुकीस बंद करण्यात आला. पूल उभाच दिसत होता. वरून जाणाऱ्या प्रवाशाला त्यात तिळमात्र वैगुण्य आढळले नसते. पलीकडचा प्रसिद्ध पूल त्यामुळे सडकेने दुर्गम झाला, लोकांची गैरसोय झाली. पण त्या पाण्यात कोणाचा प्राण गेला नाही. निगराणीचे यश असेच असते: त्याची नोंद अपघातांच्या यादीत कोठेही होत नाही.

पाण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक कपटी अशी शक्ती म्हणजे थंडी होय. पोलादाचा लौकिक असा की ते तुटण्यापूर्वी वाकते, ताणले जाते, आणि आपल्या विपत्तीची पूर्वसूचना देते. परंतु विशिष्ट तापमानाखाली गेल्यावर काही जातींच्या पोलादाचा हा चिवटपणा नाहीसा होऊन ते ठिसूळ बनते. फ्रान्सचे जॉर्ज शार्पी यांनी 1901 मध्ये प्रसृत केलेली लंबकाच्या आघाताची कसोटी आजही हा ठिसूळपणा पारखण्यासाठीच वापरली जाते. या अवगुणाचा दाखला कॅनडातील त्र्वा-रिव्हियेर नगराने भयंकर किंमत देऊन पाहिला. तेथील द्युप्लेसी पूल 1948 मध्ये खुला झाला होता. पुढे तुळयांना तडे आढळले, त्यांची दुरुस्तीही झाली. आणि तरीही 31 जानेवारी 1951 च्या पहाटे, तापमान शून्याखाली 30 अंशांहून अधिक उतरलेले असताना, पुलाचे गाळे नदीत कोसळले आणि चार माणसे मृत्यू पावली. प्रांताच्या प्रधानांचेच आडनाव त्या पुलाला दिलेले असल्याने घातपाताचा संशय राजकीय वर्तुळात बोलला गेला. परंतु धातूच्या परीक्षेत कर्ब व गंधक यांचे प्रमाण जास्त असलेले, थंडीत ठिसूळ होणारे पोलाद हेच खरे कारण ठरले. अशा पोलादातील तडा हळूहळू वाढत नाही; तो ध्वनीच्या वेगाशी तुलना करता येईल इतक्या त्वरेने धावतो. तडा दिसल्यावर उपाय करू, असे म्हणण्यास तो वेळच ठेवीत नाही.

यातून निष्पन्न होणारी अडचण लक्षात घ्यावी. अमेरिकेत 1967 च्या डिसेंबरात ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज कोसळून 46 माणसे दगावल्यानंतर पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय नियम झाले, आणि सामान्यतः दर दोन वर्षांनी प्रत्येक पूल डोळ्यांखालून घालावा असा शिरस्ता पडला. परंतु अलास्कासारख्या प्रांतात तपासनीस जाणार कधी? जेव्हा रस्ते मोकळे असतात, दिवस मोठा असतो, आणि हात उघडे ठेवून काम करता येते तेव्हाच. म्हणजे उन्हाळ्याच्या त्या चार महिन्यांत, जेव्हा पोलाद चिवट असते. हिवाळा आला की पोलाद आपल्या सर्वांत दुर्बल अवस्थेत जाते, आणि नेमक्या त्याच काळात त्याच्याजवळ कोणी नसते. पुलाची साक्ष त्याच्या सुखाच्या दिवसांत नोंदवावयाची आणि दुःखाचे दिवस निःसाक्षी सोडावयाचे, ही तपासणी कितीही प्रामाणिक असली तरी अर्धीच होय. उरलेल्या अर्ध्यासाठी उपकरणांची गरज आहे.

ही उपकरणे करतात काय? अलास्कातील अँकरेज आणि फेअरबँक्स यांना जोडणाऱ्या पार्क्स महामार्गावर चुलिट्ना नदीचा पोलादी पूल आहे. तो 1970 मध्ये बांधला गेला, 1993 मध्ये रुंद करण्यात आला, आणि त्याची लांबी सुमारे 240 मीटर आहे. तेथील तापमान हिवाळ्यात उणे 40 अंशांपर्यंत उतरते आणि उन्हाळ्यात 30 पर्यंत चढू शकते असे धरले, तर या 70 अंशांच्या फरकाने एवढ्या लांबीचे पोलाद सुमारे 20 सेंटिमीटरने आखडते व पसरते. ही हालचाल निर्वेध व्हावी यासाठी तुळया खांबांवर घट्ट न जखडता बेअरिंगांवर टेकविलेल्या असतात. बेअरिंग गंजले, बर्फाने जखडले किंवा आपल्या जागेवरून ढळले, तर जी हालचाल मोकळी व्हावयाची ती पोलादात ताण बनून साठते. फेअरबँक्स येथील अलास्का विद्यापीठाच्या अभियंत्यांनी 2012 च्या सुमारास या पुलावर सत्तरांहून अधिक प्रकाशतंतूंचे संवेदक बसविले आणि जड मालमोटारी उभ्या करून व चालवून त्याची परीक्षा घेतली. तेव्हा काही बेअरिंगांवर तुळई नीट टेकतच नाही, आणि त्यामुळे भार नकाशात दाखविल्याहून निराळ्या वाटेने खांबांकडे जात आहे, हे स्पष्ट झाले. कागदावरचा पूल आणि जमिनीवरचा पूल हे दोन भिन्न पूल असू शकतात, आणि वाहने मात्र दुसऱ्यावरूनच जातात.

या प्रकाशतंतूची किमया संक्षेपाने सांगतो. केसाएवढ्या काचेच्या तंतूवर तीव्र प्रकाशाने कायमचे सूक्ष्म पट्टे कोरता येतात, हे कॅनडातील ऑटावा येथे केनेथ हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये दाखवून दिले. असे पट्टे एका विवक्षित तरंगलांबीचाच प्रकाश परतवितात. तंतू ताणला गेला की पट्ट्यांमधील अंतर वाढते आणि परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी त्या प्रमाणात सरकते. पोलाद दशलक्षांशाने लांबले तरी हा फरक मोजता येतो. त्यांतून वीज वाहत नसल्याने वादळातील विजेची बाधा या तंतूंना होत नाही, आणि एकाच तंतूवर अनेक ठिकाणची मापे घेता येतात. परंतु प्रकाश पाठविणाऱ्या यंत्राला वीज लागतेच, आणि येथे थंडी पुन्हा आडवी येते. विजेऱ्यांची धारणशक्ती गोठणाऱ्या हवेत पुष्कळ घटते. उत्तरेकडील हिवाळ्यात सूर्य क्षितिजावर जेमतेम डोके वर काढतो, तेव्हा सौरपट्ट्यांकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही, आणि त्यांवर हिम साचले तर मुळीच नाही. पाण्यातील ध्वनिमापक तर बर्फाच्या व ओंडक्यांच्या माऱ्याने खरवडून जातात. म्हणून अशा ठिकाणी यंत्रांची निवड करताना त्यांची सूक्ष्मता किती यापेक्षा त्यांचा टिकाव किती, हा प्रश्न अनुभवी माणसे आधी विचारतात.

समजा, यंत्रे टिकली आणि उपग्रहामार्फत आकड्यांचा अखंड ओघ कचेरीत पोहोचू लागला. तरी ज्ञान झाले असे म्हणता येत नाही, हे स्वित्झर्लंडमधील एका सामान्य पुलाने जगाला शिकविले आहे. बर्न-झ्युरिक महामार्गावरून जाणारा झेड 24 या खुणेने प्रसिद्ध असलेला काँक्रीटचा पूल पाडावयाचा ठरला होता. तेव्हा संशोधकांनी सुमारे वर्षभर त्याची कंपने व त्याच्या भोवतीचे हवामान अखंड नोंदवून घेतले, आणि 1998 मध्ये तो पाडण्यापूर्वी त्याला हेतुपुरस्सर इजा केल्या. एक खांब टप्प्याटप्प्याने 95 मिलिमीटर खाली उतरविण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. प्रत्येक पुलाची कंप पावण्याची आपली एक नैसर्गिक गती असते आणि इजा झाल्याने पूल लवचीक झाला की ती मंदावते, या तत्त्वावर दोष हुडकण्याची त्यांची मनीषा होती. परंतु नोंदी तपासता असे आढळले की, तापमान शून्याखाली जाताच पुलावरच्या डांबराचा थर गोठून ताठ होतो, संपूर्ण पूल जणू अधिक बळकट होतो, आणि त्याच्या कंपनाची गती एकाएकी वाढते. ऋतूने केलेला हा फरक काही इजांनी केलेल्या फरकापेक्षाही मोठा होता. म्हणजे कडाक्याच्या थंडीत दुखावलेला पूल, उन्हाळ्यातील निरोगी पुलाहून अधिक धडधाकट भासू शकतो!

आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकू लागले, तर घर खचले असे कोणी म्हणत नाही. तेच दार वैशाखातही अडकू लागले तर मात्र जाणता गृहस्थ पाया पाहण्यास निघतो. हा भेद त्याला करता येतो, कारण त्या घरातील अनेक ऋतू त्याच्या स्मरणात असतात. पुलाला हे स्मरण लाभते ते केवळ दप्तराने. ऋतूने केलेला फरक कोणता आणि व्याधीने केलेला कोणता, हे ठरविण्यासाठी पूल निरोगी असतानाची, एका पूर्ण वर्षाची तरी, आणि शक्य तर अनेक वर्षांची नोंद हाताशी हवी. संकट दिसल्यावर यंत्रे बसविणाऱ्याला हे दप्तर कधीच मिळत नाही. कारण त्याचे पहिले पान लिहावयाची मुदत तोवर टळून गेलेली असते. न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड बेट यांच्या दरम्यान हिवाळ्यात बर्फाने भरणाऱ्या सामुद्रधुनीवर 12.9 किलोमीटर लांबीचा कॉन्फेडरेशन पूल 1997 मध्ये खुला झाला, तेव्हा बर्फाचा दाब, तापमान आणि कंपने मोजणारी यंत्रे बांधणीबरोबरच त्यात बसविण्यात आली, यातील दूरदृष्टी हीच होय. तो पूल 100 वर्षांच्या आयुर्मानाने आखलेला आहे. कोणतेही विद्युत्-उपकरण इतके जगणार नाही. ते बदलावे लागेल, मोजणारी माणसे निवृत्त होतील, संगणकांची लिपी पालटेल. टिकावयाचे ते दप्तर, आणि ते टिकविण्यासाठी तीन वर्षांच्या संशोधन-अनुदानापेक्षा दीर्घायुषी अशी संस्था व तिच्या अंदाजपत्रकात कायमची तरतूद असावी लागते.

आता स्वदेशाकडे वळतो. लडाखात श्योक नदीवर 14,000 फुटांहून अधिक उंचीवर कर्नल चेवांग रिंचेन सेतू ऑक्टोबर 2019 मध्ये खुला झाला. तो ज्या सडकेवर आहे ती दौलत बेग ओल्डीपर्यंत जाते. ही श्योक नदी हिमनदीने अडून मग एकाएकी फुटण्याबद्दल पूर्वापार कुप्रसिद्ध आहे. 1929 मधील तिचा महापूर इतिहासात नमूद आहे. जम्मू-काश्मीरमध्ये चिनाब नदीवर, पात्रापासून 359 मीटर उंचीवर, 467 मीटर गाळ्याची पोलादी कमान उभी राहिली आणि 6 जून 2025 रोजी तिच्यावरून जाणारा लोहमार्ग खुला झाला. या कामाची धुरा आपल्या कोकण रेल्वे महामंडळाने वाहिली, आणि ज्या संस्थेने रत्नागिरीजवळच्या पानवल नदीच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसवून गाड्यांचे नियमन करण्याचा पाठ गिरविला होता, तिच्या हातून हिमालयात संवेदकांनी सज्ज असा पूल उभा राहावा, हे मराठी मुलखाला भूषणावह आहे. कोकणच्या धुवाधार पावसात अंगी बाणलेली सावधगिरी चिनाबच्या कड्यावर उपयोगी पडली.

परंतु याच कोकणात 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात कोसळला, आणि राज्य परिवहनाच्या दोन गाड्या व इतर वाहने प्रवाशांसह काळ्या पाण्यात गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता. ही तपासणी उन्हाळ्यातली आणि कोसळणे पावसाळ्यातले, हा योग अलास्कातील उदाहरणाशी ताडून पाहावा. तेथे थंडी, येथे पूर. परंतु पुलाची साक्ष त्याच्या सुखाच्या ऋतूत घेण्याचा प्रमाद दोन्हीकडे एकच आहे. त्या रात्री जवळच्या गॅरेजातील एका कामगाराने पूल गेल्याचे ओळखून रस्त्यावर येऊन वाहने थांबविली, म्हणून पुढील अनर्थ टळला. महाडला तो मनुष्य तेथे होता. श्योकच्या काठी मध्यरात्री कोण असणार?

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह मी आपणांपुढे धरतो. पहिली, निगराणीच्या यंत्रांचे वाटप वाहनगणतीने न करता पर्यायाच्या अभावाने करावे; ज्या पुलामागे दुसरी वाट नाही त्याचे नाव यादीत प्रथम असावे. दुसरी, अशा प्रत्येक पुलाचे दप्तर त्याच्या बांधणीच्या दिवशीच उघडले जावे, त्यात बाराही महिन्यांची मापे, दुरुस्त्या आणि पुरांच्या पातळ्या एकत्र असाव्यात, आणि ते कोणाही नागरिकास पाहता यावे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या दप्तरावर एका अंमलदाराचे नाव असावे, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली गेल्यास वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता पूल बंद करण्याचा मुखत्यार अधिकार त्याच्या हाती असावा. 339 क्रमांकाच्या पुलावर मापे घेणारे एक खाते होते आणि ती पाहून रस्ता बंद करणारे दुसरे. दोहोंमध्ये विश्वास होता म्हणून माणसे वाचली. आकडा आणि अधिकार यांच्यामध्ये जेथे फायलींचा डोंगर उभा असतो, तेथे उत्तमोत्तम संवेदकही केवळ अपघाताचा बिनचूक इतिहास लिहून ठेवतो.

अशा अधिकाराचा वापर करणाऱ्यावर लोक रागावतील, कारण त्याने बंद केलेला पूल कदाचित पुढे दहा वर्षेही उभा दिसेल. त्याच्या पाठीशी उभे राहणे हे मग आपले, नागरिकांचे, काम आहे. वेळीच बंद केलेल्या पुलाबद्दल कृतज्ञ राहण्याइतकी विवेकबुद्धी समाजात असेल, तरच निर्मनुष्य मुलखातील एकाकी पुलाची राखण करणारा माणूस निर्भयपणे आपले काम करू शकेल. या व्याख्यानाने आपल्यापैकी थोड्यांच्या ठायी का होईना ती बुद्धी दृढ झाली, तर ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो त्यांच्या कार्याला उचित अशी श्रद्धांजली वाहिली गेली असे मी समजेन.